एक भिंत, एक केक

भिंतमामा बोलताना माणसाच्या तोंडाकडे कधी बघत नसत. ते बघत माणसाच्या मागच्या भिंतीकडे. अंबरनाथच्या आमच्या बेकरीत मी ऑफिसात कामाला लागले त्या पहिल्याच दिवशी ते समोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "पोरी, जरा बाजूला सर." मला वाटलं, खुर्ची हवी असेल. मी उठले, तर हे माझ्या मागच्या पोपडे आलेल्या भिंतीवरून हात फिरवून "ओल हाय" म्हणाले आणि निघून गेले. माझं नाव त्यांनी त्यानंतर दोन महिन्यांनी विचारलं.

बेकरीच्या जाहिराती रंगवणं हे त्यांचं काम. मोरिवलीपासून बदलापूरपर्यंत आणि इकडे उल्हासनगरच्या बाजारापर्यंत जी भिंत रस्त्याला तोंड करून उभी असेल तिच्यावर पिवळा रंग, लाल अक्षरं आणि वाफाळता पाव. पाव ते फार प्रेमाने काढत. एकदा तर बदलापूरच्या एका भिंतीवर दरवाज्याएवढा पाव काढून आले. चार दिवसांनी तिथल्या एक बाई खरा पाव घेऊन तक्रार करायला हजर. "भिंतीवर एवढा आणि हातात एवढासा?" दुसरा कोणी असता तर हसला असता. मामा डबा-ब्रश घेऊन गेले आणि त्या पावाला धरणारा राक्षसाएवढा हात काढून आले. "आता मापात बसला," म्हणाले. त्या हाताला सहा बोटं झाली होती, पण त्याबद्दल कोणी तक्रार केली नाही.

भिंतीचं भाडं बेकरी पैशात देत नसे. थोरल्या शेठांच्या काळात मामांनीच नियम घातला होता: एक भिंत, एक केक. भिंतवाल्याच्या घरात वर्षातून एका वाढदिवसाला बेकरीचा केक जाणार, नाव घालून. भिंत असेल तोवर केक. भिंत गेली की केक बंद. सगळे वाढदिवस मामांच्या डोक्यात पक्के, फक्त ते माणसांच्या नावाने नव्हे तर भिंतीच्या नावाने. "उद्या चुन्याच्या भिंतीचा केक," असं ते भटारखान्यात सांगत आणि केकवर त्या घरातल्या चिन्मयचं नाव घालायचं हे मी शोधून काढायचं.

या नियमाने माणसांना चांगलंच कामाला लावलं. वांगणीच्या एका गड्याला दोन मुलगे, केक एकच. त्याने गुरांच्या गोठ्याला रस्त्याच्या बाजूने पक्की भिंत बांधली आणि मामांना निरोप धाडला. उल्हासनगरचे एक कापडवाले सिंधी शेठ तर दुकानाची भिंत द्यायला तयार होईनात. "साईं, दीवार ले लो, लेकिन केक में अंडा नहीं चलेगा." मामांनी आठ दिवस भटाऱ्याचा पिच्छा पुरवला. आमचा बिनअंड्याचा केक, जो आज दुकानात सगळ्यात आधी संपतो, तो त्या भिंतीपायी जन्माला आला.

मामांची एक सवय मात्र मला सुरुवातीला अगदी नाटकी वाटायची. भिंत रंगवून झाली की ते चार पावलं मागे सरत, घरातल्यांना बाहेर बोलवत आणि सगळी जाहिरात खड्या आवाजात वाचून दाखवत. "ज्याची भिंत त्याला पयलं वाचून दावायचं. सगल्यांना कुठं वाचता येतं?" म्हणत.

वाचता न येणाऱ्यांत मोरिवलीच्या हिराआजी. त्यांना आपला वाढदिवसही ठाऊक नव्हता. मामांनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "आमच्या येली कोन लिवून ठेवतंय?" तेव्हा मामांनी जाहीर केलं, "आज भिंत रंगवली, आजच तुमचा वाढदिस." तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी मामा भिंतीला रंगाचा नवा हात देत, जाहिरात वाचून दाखवत आणि मग हिराआजी केक कापत. साठी उलटल्यावर मिळालेला वाढदिवस त्या लहान मुलीसारख्या जपत होत्या.

मग भिंती जाऊ लागल्या. कुठे टॉवर आला, कुठे रस्ता रुंद झाला, उरल्या त्यांवर छापील फ्लेक्स लागले. वांगणीचा तो गोठाही पडला. बेकरी धाकट्या शेठांकडे आली आणि जाहिरात माझ्याकडे, म्हणजे मोबाइलवर. मी पावाचे फोटो टाकत असे आणि मामा माझ्या खांद्यावरून बघून म्हणत, "झ्याक हाय. पन ह्याला ओल येत नाय, मंग मना कोन बोलवनार?" मी हसायचे. आता आठवलं की वाईट वाटतं.

शेवटची उरली ती हिराआजींची भिंत. तीही बिल्डरने पाडली आणि आजी नव्या इमारतीत सहाव्या मजल्यावर गेल्या. त्यांचा दिवस जवळ आला तसे मामा बेकरीत नुसते येरझारा घालू लागले. मी म्हटलं, "मामा, केक मी घेऊन देते ना."

ते एकदम उखडले. "म्हातारी फुकटचा घेनार नाय! आजवर भाडं घेतलंय तिनं. आनि नियम माझाच हाय." एवढं बोलून ते प्रथमच माझ्या तोंडाकडे बघत राहिले. भिंत गेली म्हणून एका बाईचा वाढदिवसच जाणार होता, आणि तो देणाऱ्या माणसाच्या हातात काही उरलं नव्हतं.

दोन दिवसांनी बेकरीत फोन वाजला. नातवाच्या मोबाइलवरून हिराआजी ओरडत होत्या, "माजी भिंत तयार हाय! तो रंगवनारा कुठं मेला?"

आम्ही दोघं लिफ्टने डबे घेऊन वर गेलो. आजींनी हॉलमधला सोफा ओढून काढला होता, टीव्ही उतरवला होता आणि सगळ्यात मोठी भिंत मोकळी करून त्या कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. सून कोपऱ्यात हताश बसलेली. मी हळूच म्हटलं, "मामा, इथे ही जाहिरात वाचणार कोण?"

मामांनी भिंतीवरून हात फिरवला. "ओल नाय," म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "वाचनारा नसला तरी अक्षर रस्त्यावरचंच काढायचं."

दोन दिवस ते रंगवत होते. धाकटे शेठ ऐकून आधी हसले, मग म्हणाले, "भिंत आहे म्हटल्यावर केक द्यायलाच पाहिजे," आणि स्वतः नाव घालून केक पाठवला. मामांनी चार पावलं मागे सरून, म्हणजे जवळजवळ स्वयंपाकघरात जाऊन, सगळं वाचून दाखवलं.

पुढच्या वर्षी मामा नव्हते. तापाचं निमित्त झालं आणि आठवड्यात गेले. आजींच्या वाढदिवशी केक घेऊन मी एकटीच गेले. सुनेने सगळा हॉल नव्याने रंगवून घेतला होता, तेवढी पिवळी भिंत सोडून. आजींनी सुरी हातात घेतली नाही. म्हणाल्या, "आदी वाच."

मी वाचायला लागले. "ताजा पाव, खुसखुशीत टोस्ट..."

"असं पुटपुटत नाय. त्याचा आवाज रस्त्यावर जायचा."

मी खिडकी उघडली, चार पावलं मागे सरले आणि लाज सोडून ओरडून वाचलं: "ताजा पाव! खुसखुशीत टोस्ट! सकाळी सहापासून गरमागरम!" शेवटी शेवटी आवाज रडवेला झाला, तरी थांबले नाही.

वाचून होतंय तोच खालून, सहा मजले खालून, कोणा माणसाची हाक आली. "ओ ताई! कुठे मिळतो हा पाव?"

हिराआजींनी केकमध्ये सुरी घातली. "सांग ना त्याला पत्ता," म्हणाल्या. मी डोळे पुसले आणि खिडकीत जाऊन पत्ता सांगितला.