गुच्छाची वर्दी

शहापूरच्या बाजारात गुच्छ म्हणून जो पहिला बांधला गेला, तो मी बांधला. माझ्या आधी कुणी बांधला असेल तर त्याने पुढे यावं. इतकी वर्षं मी हे सगळ्यांना सांगत आले आहे, अजून कुणी आलेलं नाही.

आमची फुलांची वाडी गावाबाहेर, नदीच्या अंगाला होती. सासरे गेल्यावर सासूने ती एकटीने राखली. सासूला आम्ही आत्या म्हणायचो. पहाटे फुलं खुडायची, पळसाच्या पानांत त्यांच्या पुड्या बांधायच्या आणि पाटी डोक्यावर घेऊन बाजारातल्या घरांत त्या देवपूजेच्या आत पोचवायच्या, असा आमचा धंदा. ज्यांच्याकडे फुलं जायची त्यांना आम्ही ‘आमची घरं’ म्हणायचो, जशी काही आम्हीच विटा रचून बांधली होती. सणाला, लग्नाला, सत्यनारायणाला जास्त फुलं लागायची तेव्हा घरची बाई आधी वर्दी द्यायची. लिहून कुणी ठेवत नसे, सगळं आत्याच्या डोक्यात असायचं. बाजाराच्या कोपऱ्यावर एक वाणी होता. तो रोज पाटीकडे बघून विचारायचा, “आज कोनाची वर्दी, आजी?” आत्या न थांबता सांगायची, “मामलेदाराची.” किंवा “देवळाची.” किंवा ज्या कुणाची असेल त्याची.

मी लग्न होऊन आले ती थेट वाडीत. खुडायचं, ओवायचं, पुड्या बांधायच्या हे माझं काम. पाटी मात्र आत्याची. घरं करायला, म्हणजे दारोदार फुलं पोचवायला, ती मला कधी नेत नसे. ज्या बाईच्या डोक्यावर पाटी, तिला अख्खा बाजार ओळखायचा. तिला ओटीवर बसायला सांगायचे, चहा विचारायचे. मला ते हवं होतं. उगाच साधेपणाचा आव कशाला आणू? मला पाटी हवी होती आणि आत्या ती देत नव्हती.

वाडीत आत्याचा कायदा चालायचा. खुडायचं, मोडायचं नाही. फूल घ्यायचं ते नखाने, अगदी मानेशी. देठ जास्त आला तरी ती डोळे वटारायची. “फांदीवर उद्याची फुलं असतात गो,” ती म्हणायची. “ती आपली नाय, घरांची हायेत.” आमच्याकडचं कुठलंही फूल म्हणून बिनदेठाचं असायचं. हाराला, वेणीला, देवाला देठ लागतो कुठे? मी लहानपणापासून फुलं बघितली होती, पण लांब देठासकट तोडलेलं फूल म्हणून काही असतं हे मला ठाऊकच नव्हतं.

लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळेना म्हणून सर्विस मोटारी कोळशावर धापा टाकत चालायच्या. त्या सुमारास आमच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंची मुरबाडला बदली झाली. या बाई शहापूरला आल्या तेव्हा गावाने नाकं मुरडली होती. बायकांनी घराबाहेरच्या बाईच्या हातून बाळंत व्हायचं म्हणजे काय! पुढे त्याच नाकं मुरडणाऱ्यांच्या सुनांना बाईंनी सोडवलं. थोरलीच्या वेळी मी अडले होते, तेव्हा आत्या स्वतः अनवाणी धावत जाऊन त्यांना घेऊन आली होती. मी आणि माझी लेक आज आहोत त्या बाईंच्या हातगुणाने.

बाईंना निरोप द्यायचा असं बाजारातल्या बायकांनी ठरवलं. आता निरोप म्हणजे हळदीकुंकू, ओटी आणि डोक्यात वेणी. पण नर्सबाई विधवा होत्या. वेणी माळायची नाही, कुंकू लावायचं नाही, ओटी भरायची नाही. ज्या बाईने घराघरातले पाळणे हलते केले, तिला फूल देता येत नव्हतं! शेवटी शाळेच्या हेडमास्तरांची बायको, आम्ही सगळे तिला मास्तरीणबाई म्हणायचो, ती आमच्या वाडीत आली. तिच्या हातात एका कॅलेंडरचं पान होतं. पानावर एक बाई हातात फुलांचा जुडगा धरून उभी.

“याला गुच्छ म्हणतात,” मास्तरीणबाई म्हणाली. “हा डोक्यात घालायचा नसतो, हातात धरायचा असतो. हातात धरायला कुणाची बंदी नाही ना? करशील का?”

आत्या तेव्हा घरं करायला गेली होती. मी चित्र बघितलं आणि म्हटलं, “करीन की.” त्या बुद्धीचा मला आजही अभिमान आहे. विचार करत बसले असते तर नाही म्हणाले असते.

आत्या आली. चित्र तिने हातात घेतलं, उलटं धरलं, सुलटं धरलं. मग तिची नजर देठांवर गेली.

“ह्याला किती फांद्या लागतील?”

“ओंजळभर तरी.”

“ओंजळभर फांद्या म्हंजे निम्मी शेवंती. अजून कळ्या हायेत त्या. दिवाळीला घरांना काय देशील, पाला?”

“मी शब्द दिलाय, आत्या.”

“मंग पाळ. पन माज्या वाडीतली एक फांदी मोडलीस तर पाटीला जल्मात हात लावायचा नाय.” ती दोन पावलं गेली आणि वळली. “आन शब्द मोडलास तरी नाय. बाजारात खोटी पडलेली बाई माज्या घरांच्या दारात उभी नाय ऱ्हायची.”

झालं! इकडे आड, तिकडे विहीर. पाटी मिळायची ती या एकाच वाटेने, आणि वाट दिसत नव्हती.

मी आधी बिनदेठाच्या झेंडूंचा जुडगा करून बघितला. धरला की फुलं घरंगळायची. मग केळीच्या पानाचा द्रोण करून त्यात फुलं भरली. आमचे घरधनी विहिरीवर मोट हाकत होते, त्यांना नेऊन दाखवला. त्यांनी नीट बघितलं आणि म्हणाले, “मोठी पुडी बांधलीस, चांगली हाय.” मी तो द्रोण तिथेच पाटात सोडून दिला. नवऱ्याचं खरं असलं की जास्त राग येतो.

दुसऱ्या दिवशी शेणव्याहून माझा भाऊ आला. आश्विनात नव्याची पौर्णिमा येते. त्या दिवशी आमच्याकडे शेतातल्या नव्या भाताच्या लोंब्या, झेंडू आणि आंब्याची पानं एकत्र बांधून दाराला, विहिरीला, नांगराला लावतात. त्याला म्हणायचं ‘नवं’. आमच्याकडे भातशेती नव्हती, म्हणून भाऊ दरवर्षी माहेरच्या लोंब्यांची पेंढी घेऊन यायचा. मी नवं बांधायला बसले. लोंब्या उभ्या धरल्या, मध्ये झेंडू बसवला, केळीच्या सोपटाने, म्हणजे खोडाच्या सालीने, गुंडाळला, आणि हातातलं नवं बघत तशीच राहिले. अगं, हे हातात धरता येतंय की! लोंबीला स्वतःचा लांब देठ होता. ती कापणीला आलेली, तिला कापलं म्हणून कुणाचं काही मोडत नव्हतं. राहिला प्रश्न फुलांचा. ती लोंबीच्या वर उभी राहायला त्यांना काडी हवी होती.

दाराआड नवा कोरा खराटा उभा होता.

मी तो सोडला. माडाचे हीर ते, सरळ आणि चिवट. एकेका हिराच्या टोकाला झेंडूचं एकेक फूल खोवलं, खाली केळीचं ओलं सोपट गुंडाळत आणलं, की हीर हिरवा दिसायला लागला. शेवंतीची जी थोडी उमलली होती ती मानेशी खुडून घेतली. अबोलीचे लहान झुबके बांधले. मधे झेंडू, त्यात शेवंती, कडेने लोंब्या अशा की आपल्याच भाराने बाहेर झुकाव्यात, आणि सगळ्यांच्या खाली आंब्याची पानं. बांधून झाल्यावर मी तो हातभर लांब धरला आणि स्वतःच म्हटलं, वा गो बाई! कॅलेंडरवरचा गुच्छ त्यापुढे आजारी दिसत होता. खोटं सांगत नाही.

आत्या आली ती आधी गुच्छाकडे आली नाही. वाडीत शिरली. शेवंतीच्या एकेका झाडाशी वाकली, पानं बाजूला करून बघितलं. सगळा ताटवा फिरून ती परत आली, दाराआड बघितलं आणि म्हणाली, “खराटा कुठाय?”

“गुच्छात.”

तिने तोंड पदरात लपवलं. हसली असावी.

निरोप दवाखान्याच्या पडवीत होता. बाहेर बैलांची दमणी जुंपून उभी होती. बायका जमल्या, हळदीकुंकू फिरलं. करंडा जवळ आला तशा नर्सबाई सवयीनेच एक पाऊल मागे सरल्या. पडवीच्या दुसऱ्या टोकाला, खांबाशी, आत्याही तशीच मागे उभी होती, कडेवर पाटी घेऊन. बायकांना द्यायच्या वेण्या तिनेच आणल्या होत्या. त्या वाटून पाटी रिकामी झाली होती. तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आलं की सगळ्या शहापूरला फुलं पुरवणाऱ्या या बाईने सासरे गेल्यापासून एक फूल स्वतःचं म्हणून हातात धरलेलं नाही. रोज तिच्या डोळ्यांसमोर असूनही मला हे कधी दिसलं नव्हतं.

मास्तरीणबाईने गुच्छ पुढे केला. “हा माळायचा नाही, धरायचा आहे,” ती म्हणाली. नर्सबाईंनी दोन्ही हात पुढे केले. आमची पोरं धरायच्या तशीच धरली त्यांनी ती फुलं. पहिल्यांदा लोंब्यांना हात लावला, मग म्हणाल्या, “हे तर नवं आहे. माझ्या दाराला कधी कुणी बांधलं नव्हतं.” कितीतरी बायका रडल्या. मी रडले नाही, मी बघत होते. मी केलेली वस्तू होती ती.

मग बाई गुच्छ घेऊन सरळ खांबाशी गेल्या. त्यांनी एक झेंडू, एक लोंबी त्यातून अलगद ओढली. प्रत्येक फूल आपापल्या काडीवर होतं, म्हणून निघालंही सहज.

“तुमच्या वाडीतलं आहे,” त्या आत्याला म्हणाल्या. “हे तुमचं.”

आत्याच्या कडेवर पाटी होती. तिने माझ्याकडे बघितलं. मी पुढे झाले तशी तिने पाटी माझ्या डोक्यावर ठेवली, चुंबळीसकट, नीट बसवून. मग मोकळ्या झालेल्या हातात ते फूल घेतलं.

“बरं बांधलंस,” मला म्हणाली. “उद्यापासून घरं तू कर.”

दमणी मुरबाडच्या वाटेला लागली. आम्ही दोघी बाजारातून घराकडे निघालो. रिकामी पाटी डोक्यावर घेऊन मी इतकी ताठ चालत होते की मानेला रग लागली. आत्या माझ्या पुढे होती. फूल तिने पदराआड घेतलं नव्हतं, छातीशी उभं धरलं होतं. लोंबी तिच्या चालण्यावर डुलत होती.

कोपऱ्यावर वाण्याने रोजच्यासारखं विचारलं, “कोनाची वर्दी, आजी?”

आत्या त्या दिवशी थांबली.

“माजी,” म्हणाली.