फाटकाशी लावलेला सोनचाफा

आमच्या फाटकाशी सोनचाफा आहे. गढा ही आमची हिंदी मुलखातली जुनी वस्ती; गल्लीबोळातली घरं एकमेकांना खेटून, कोणाच्या दारात कुंडीपुरतीही जागा नाही, त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्याचं लक्ष जातंच. सासूबाईंच्या आठवणीसाठी मी लावला हे कळलं की बायका माझ्याकडे मायेनं बघतात. अशी सून मिळायला भाग्य लागतं, असंही एकदोघी म्हणाल्या. मी लगेच चहाचं विचारते. चहा कोणाला नको असला तरी करते, कारण तेवढा वेळ आत जाता येतं.

सासूबाई गेल्या त्या वैशाखात. तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि आठवण म्हणून एखादं झाड लावावं असं माझ्याच मनात आलं. नवरा म्हणाला, लाव. तो फॅक्टरीतून निवृत्त झाल्यापासून कशालाच नाही म्हणत नाही. पावसाळा लागल्यावर मी नर्सरीत गेले आणि सगळ्या रोपांवरून हात फिरवत हिंडले. मोगरा मला फार साधा वाटला, तुळस तर घरोघरी असते. झाड असं हवं होतं की लोकांनी थांबून विचारावं. सोनचाफा बघितला आणि मन भरलं. सासूबाईंना चाफा आवडायचा का, असं त्या वेळी कोणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. पण कोणी विचारलं नाही, आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

आता जागा. ऊन येणारी मोकळी जमीन घरात एकच, फाटकाशेजारी, जिथे मोरीचं पाणी बाहेर पडायचं. तिथे सासूबाईंचा अळू होता.

या अळूवरून आमचं कायम वाजायचं. मी नेपियर टाउनमधल्या एका शाळेत शिकवायचे. शाळेतल्या मैत्रिणी घरी आल्या की पहिलं दर्शन व्हायचं ते खरकट्या पाण्यावर माजलेल्या त्या पानांचं. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आई, हे मागे तरी लावा, असं मी किती वेळा म्हटलं असेल. मागे पाणी कुठे आहे, एवढंच त्या म्हणायच्या आणि भांडी विसळलेली बादली पुन्हा तिथेच नेऊन ओतायच्या. तो अळू त्या लग्न होऊन आल्या तेव्हा नागपूरकडून आणलेला, काळ्या देठाचा, अजिबात न खाजणारा. ऐन उन्हाळ्यातही हिरवागार. गावातल्या मराठी घरांत श्राद्ध असलं की आदल्या संध्याकाळी कोणी ना कोणी पिशवी घेऊन फाटकाशी उभं असायचं. श्राद्धाच्या पानावर अळू नसला तर पान पुरं झालं असं आमच्यात कोणी मानत नाही, आणि बाजारातल्या पानांचा भरवसा नसतो. सासूबाई स्वतः वाकून पानं कापून द्यायच्या. मला मात्र तेव्हा फक्त फाटकाशी झालेला चिखल दिसायचा.

तो अळू मी स्वतः उपटला. माणूस लावता आला असता, पण नाही, मी पदर खोचून फावडं घेतलं. कंद खोलवर गेले होते, एकेक निघाला की बरं वाटत होतं. खरं सांगायचं तर फार बरं वाटत होतं. सगळा ढीग कचरागाडीत टाकला, मोरीचं पाणी पाइपातून थेट गटारात सोडलं, नवी माती भरली आणि वर चाफा लावला. नवरा पायरीवर उभा राहून बघत होता. मग तो आत निघून गेला.

पितृपक्षात नेहमीची मंडळी आली. अळू काढला, चाफा लावलाय, असं मी सगळ्यांना अभिमानानं सांगितलं. अच्छा, छान, असं म्हणून ती रिकाम्या पिशव्या घेऊन गेली. तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

तो पडला वर्षश्राद्धाच्या आधी, मावशींचा नागपूरहून फोन आला तेव्हा. मावशी म्हणजे सासूबाईंची धाकटी बहीण. त्या श्राद्धाला येणार होत्या. काय आणू, काय नको असं चाललं होतं, आणि मध्येच त्या सहज म्हणाल्या, "अळू तर काही आणत नाही मी. तो ताईचाच आहे दारात."

मी हो हो म्हटलं आणि फोन ठेवला. मग चाफ्यापाशी जाऊन उभी राहिले. जिचं श्राद्ध, तिनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या श्राद्धाला अळू दिला होता, आणि तिच्याच पानावर वाढायला घरात अळूचं एक पान नव्हतं. तिची आठवण म्हणून मी ते कचऱ्यात घातलं होतं.

उन्हाळ्यात अळू मिळतो कुठे? गढ्याचा बाजार पालथा घातला, स्कूटर घेऊन पार सराफ्यापलीकडे जाऊन आले. एका ठिकाणी मलूल पानं मिळाली. घरी चिंच घालून थोडी शिजवून बघितली, तर घसा असा धरला की डोळ्यांत पाणी आलं. कोणी बघितलं असतं तर सासूची आठवण आली म्हणालं असतं.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी समोरच्या भाभीकडे दही विरजायला विरजण मागायला गेले. तिच्या मागच्या अंगणात, कूलरचं पाणी गळतं तिथे, फुटक्या टबात काळ्या देठाचा अळू उभा होता. मी बघतच राहिले. कसंबसं म्हटलं, "भाभी, थोडे पत्ते मिलेंगे?" ती लगेच उठली. विळी आणली, पानं कापली, मोठ्या पातेल्यात रचून दिली.

दुसऱ्या दिवशी गुरुजींचं झाल्यावर घरची पंगत बसली. मावशी, नवरा, एकदोन नातेवाईक, आणि आग्रहानं बोलावलेली भाभी. मावशींनी भातावर अळू घेतला, पहिला घास खाल्ला आणि डोळे मिटले.

"ताईचाच आहे," त्या म्हणाल्या. "फाटकाशी दिसला नाही तर मला वाटलं, काढला की काय. काहून वाईट विचार करून राहिली मी. राखला बाई तू."

सांगायची वेळ तीच होती. मी "हो" म्हणाले.

नवऱ्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं, मग आणखी थोडा अळू मागितला. मी वाकून त्याला वाढला. भाभीला मराठी बोलता येत नाही, पण इतकी वर्षं समोर राहून कळतं सगळं. ती खाली बघून जेवत राहिली.

मावशी दुपारी आडव्या झाल्यावर मी भाभीकडे पातेलं परत द्यायला गेले. खरं तर मला तिच्याकडून चार शब्द ऐकून घ्यायचे होते. ती रागावली असती तर मी भांडले तरी असते, आणि भांडण मला जमतं. पण ती नेहमीसारखीच हसली. शेवटी मीच विचारलं, तुम्ही गप्प का राहिलात?

तिनं पातेलं हातातून घेतलं.

"कंद अम्माजी ने ही दिए थे, दीदी. जब उठना-बैठना बंद हो रहा था, तब. बोलीं, बहू को साफ-सुथरा आँगन अच्छा लगता है, मेरे बाद निकाल देगी. फिर मेरे ही श्राद्ध में ढूँढती फिरेगी. तुम लगाए रखना. लेने आए तो दे देना, और उससे कुछ कहना मत."

मग ती मागे गेली आणि मातीसकट दोन कंद काढून घेऊन आली. माझा हात पुढे होईना, तेव्हा तिनं ते माझ्या पदरात घातले. ती गल्ली ओलांडायला मला कधी इतका वेळ लागला नव्हता. सासूबाई मला किती ओळखून होत्या, आणि मी त्यांच्यासाठी झाड निवडायला नर्सरीत गेले होते.