सोहनलालच्या दुकानातला इंग्रजीचा तास

मालदीवच्या एका बेटावर आठ वर्षं इंग्रजी शिकवून आलेल्या साधनाबाईंना कुणी विचारलं, की बाई, नोकरी कशी मिळाली, तर त्या सरळ सांगतात, "हिरड्याच्या पोत्यावर बसून." ऐकणाऱ्याला थट्टा वाटते. पण पोतं खरं होतं, हिरडा खरा होता, आणि दुकान जुन्नरच्या पेठेतल्या सोहनलालचं होतं.

साधना आपटाळ्याच्या पुढं डोंगरातल्या वाडीची. वाडीत बी.एड. झालेली पहिलीच. १९९९ साली ती निमगाव सावा गावच्या शाळेत तासिकेवर शिकवत होती आणि जूनमध्ये तास मिळतील की नाही, हे देवालाही ठाऊक नव्हतं. तेवढ्यात पेपरात जाहिरात दिसली: मालदीवच्या शाळेला इंग्रजीचे शिक्षक पाहिजेत. तिनं अर्ज ठोकून दिला. उलट टपाली उत्तर आलं, मुलाखत फोनवर होईल, नंबर, वार आणि वेळ कळवा.

इथं साधनानं डोंगरातल्या माणसानंच करावी अशी चूक केली. डोंगरातल्या माणसाचं जुन्नरात डॉक्टरकडं काम असो, कोर्टात असो नाहीतर सोयरीक ठरवायची असो, ते व्हायचं रविवारी, बाजारच्या दिवशी. आईबापही त्याच दिवशी सोहनलालकडं हिरडा घालायला उतरायचे. हाताला सवयच ती. तिनं लिहून टाकलं, रविवार, सकाळी अकरा, आणि खाली सोहनलालच्या दुकानाचा नंबर. मालदीवला रविवारी शाळा भरते, त्यांनी होकार कळवला. त्या वेळी पेठेत काय गलका असतो, हे साधनाला आठवलं ते थेट दुकानाच्या पायरीवर.

बाळहिरड्याचे, म्हणजे कोवळा हिरडा वेचून विकायचे दिवस होते. काट्यावर पोती चढत होती, हमाल ओरडत होते, साळुबाई, कोंडाबाई अशा डोंगरातल्या दहाबारा बायका ओळीनं बसल्या होत्या. वडील सावळेराम नवीन टोपी घालून फोनशेजारी उभे होते, जणू मुलाखत त्यांचीच. आई गोजरबाई मात्र पोत्यावर पाठमोरी बसली होती. तिला हे बेटाचं प्रकरण मुळीच पटलेलं नव्हतं.

"चहूकडून पानी, आन् मधी माझी पोर. आजारी पडली तं कोन बघनार?" ती साळुबाईला सांगत होती.

फोन वाजला. सोहनलालनं काटा थांबवला. "ए, गप बसा रं! परदेशाचा फोन हाय."

पलीकडून तिथल्या शाळेच्या मुख्याध्यापिका इंग्रजीत बोलत होत्या. पहिले दोन प्रश्न नीट गेले. मग बाईंनी विचारलं, मागं आवाज कसला? तुम्ही आहात तरी कुठं? खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं, पण जमेना. "बाजारात आहे, मॅडम," ती म्हणाली.

मग बाई म्हणाल्या, "आमची मुलं इंग्रजीच्या तासाला तोंड उघडत नाहीत. हीच आमची अडचण. तुमच्याभोवती इंग्रजी न येणारे कुणी आहेत?"

"सगळेच, मॅडम."

"मग शिकवा त्यांना. मी ऐकते."

साधनानं फोन सोहनलालच्या हातात दिला आणि पिशवी उचलून म्हणाली, "धिस इज माय बॅग. ही माझी पिशवी. म्हणा." बायकांनी तोंडाला पदर लावले. कुणी म्हणेना. तिनं पुन्हा सांगितलं, कोंडाबाई नुसती हसली. फोनवर ही सगळी शांतता ऐकू जात होती. नोकरी हातची चालली होती.

तेवढ्यात तिला भाताची आवणी आठवली. चिखलात वाकून रोपं लावताना एकीनं ओळ सांगायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची, अशी रीतच आहे. तिथं लाजून चालत नाही. साधना खाली पोत्यावर बसली, आवणीच्या चालीत तीच ओळ सांगितली, आणि काय सांगावं, दहाबारा गळ्यांनी ती झटक्यात उचलली. धिस इज माय बॅग. धिस इज माय हिरडा. साळुबाईनं तर सोहनलालकडं बोट करून "धिस इज माय शेटजी" म्हटलं आणि सोहनलालची पत्नी कस्तुरबाई मागच्या दारात हसून हसून खाली बसली. हमालही म्हणू लागले. साधनाच्या अंगात आनंद मावेना.

फोनमधून आवाज आला, त्यातल्या एकीला माझ्याशी बोलू द्या. नुसतं म्हणतायत की कळतंयही, ते मला बघायचंय. सोहनलालनं घाईत शेजारी बसलेल्या बाईच्या कानाला फोन लावला. ती नेमकी गोजरबाई.

इतका वेळ आईनं ओठही हलवला नव्हता.

बाईंनी सावकाश विचारलं, "हू इज युअर टीचर?"

टीचर हा शब्द गोजरबाईला ठाऊक होता. तिनं लेकीकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग आवणीची चाल न लावता, साधं बोलल्यासारखं म्हणाली, "धिस इज माय साधना."

पलीकडच्या बाईंनी साधनाला फोनवर बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, जूनमध्ये या.

दुकानात एकच गोंधळ उडाला. सावळेरामांनी टोपी काढून डोळे पुसले. सोहनलालनं सगळ्यांना चहा सांगितला. साधना आईजवळ जाऊन हळूच म्हणाली, "आये, तुला मी जायला नको व्हतं ना? मग का बोललीस?"

"त्या बाईनं इचारलं, मी खरं सांगितलं," गोजरबाई पोत्याचं तोंड बांधत म्हणाली. "पन नीट ध्यानात ठेव. माझी, आसं म्हनले मी. दिली, आसं न्हाई म्हनले."