पानावरचं मीठ

कल्याणीच्या आईसारखं नाक देवाने तंजावरात दुसऱ्या कुणाला दिलं नाही, आणि ते बरंच केलं. अशी दोन नाकं गावात असती तर एकाही बाईला सुखाने स्वयंपाक करता आला नसता. तिचं खरं नाव मला ठाऊक आहे, पण त्या नावाने मी तिला कधी हाक मारली नाही. ती मला रघूची आई म्हणते, मी तिला कल्याणीची आई म्हणते. आमची मुलं एका वर्गात होती आणि आम्ही दोघी दुपारी डबे घेऊन शाळेच्या फाटकापाशी उभ्या राहायचो. पहिल्याच दिवशी तिने माझ्या बंद डब्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "भेंडीच्या फोडणीत मेथ्या करपल्यात." मी म्हटलं, "तुम्हाला कुणी विचारलं?" ती म्हणाली, "विचारायला कशाला हवं, येतोय की वास." संध्याकाळी रघूने डबा परत आणला तो तसाच भरलेला. "कडू आहे," म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून मी तिच्या शेजारीच उभी राहू लागले. लांब उभं राहून काही उपयोग नव्हता.

मुलं मोठी झाली. रघू सिंगापूरला गेला, कल्याणी बेंगळूरला. नवरे त्याआधीच गेले होते. घरात खाणारं एक माणूस आणि हात मात्र चौघांचं रांधणारे, अशी दोघींची गत. उरलेलं कुणाला तरी द्यायचं म्हणून आम्ही शाळेतल्या दोन अविवाहित मास्तरांना जेवायला बोलावलं. त्यांनी आणखी कुणाला आणलं, त्याने आणखी कुणाला. मग तिच्या घराच्या पुढच्या खोलीत बाकं टाकली आणि मेस सुरू झाली. पाटी तमिळमध्ये आहे. आम्ही दोघी इथल्या जुन्या मराठी घरांतल्या, म्हणून मराठीतही लिहावी असं एकाने सुचवलं होतं, पण वाचणार कोण म्हणून राहिलं. कामाची वाटणी आपोआप झाली. ती चूल बघते, मी माणसं बघते. ती चूल सोडून माणसांकडे आली की भांडण होतं.

कारण तिला माणसांचाही वास येतो. एक बँकेतला कारकून नेहमी येतो, भला माणूस आहे. एकदा तो पानावर बसला न बसला तोच ही आतून ओरडली, "सकाळी बाहेर वडा खाल्लास. तेल जुनं होतं. आज तुला ताकभातच." तो बिचारा पूर्ण जेवणाच्या आशेने आला होता. त्याने मान खाली घालून ताकभात खाल्ला आणि जाताना मला विचारलं, "अम्मा, यांना कळलं कसं?" मी म्हटलं, "तू वडा खाल्लास कशाला?" एका पोस्टमनला तिने दारातूनच परत पाठवलं होतं, अंगात ताप आहे म्हणून. तो म्हणाला मला काही नाही. रात्री त्याला ताप भरला. तिरुवैयारुहून एक वांगीवाला येतो, तो तिला लांबून पाहिलं की वरची टोपली खाली आणि खालची वर करतो. ती वांगं हातात घेऊन हुंगते आणि म्हणते, "कालचं." तो म्हणतो, "आजचं, अम्मा, सकाळी तोडलं." ती म्हणते, "तू आज तोडलंस, ते कालच म्हातारं झालंय." लोकांना वाटतं आमच्याकडे जेवण चांगलं म्हणून गर्दी असते. अर्धी माणसं नुसती तिचं बोलणं खायला येतात.

पण तिची खरी मिजास मिठाची. नैवेद्य दाखवण्याआधी चाखायचं नाही ही आमच्या घरांतली जुनी रीत, ती मीही पाळते. पण बाकीच्या बायका अंदाजाने मीठ घालतात आणि मनात धाकधूक बाळगतात. ही भांड्यावर वाकते, वाफ ओढून घेते आणि सांगते, "अर्धा चमचा कमी." मी म्हटलं, मिठाला वास नसतो. ती म्हणाली, "असतो. तुला येत नाही तो तुझा दोष." मी एकदा रसम दोन भांड्यांत ओतलं, एकात मीठ घातलं आणि तिला पाठमोरी बसवून विचारलं. तिने वळून बरोबर भांडं दाखवलं. त्यानंतर कित्येक वर्षं मी गुपचूप हुंगून पाहिलं. मला काही येत नाही.

म्हणून आमच्या मेसमध्ये पानावर मीठ वाढत नाहीत. सगळीकडे पान मांडलं की आधी कोपऱ्यात मीठ पडतं. ती म्हणाली, पानावर मीठ म्हणजे मला अंदाज नाही असं चारचौघांत सांगणं. एकदा एका पाहुण्याने मीठ मागितलं, तर ती पदर खोचून बाहेर आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली. "कशात कमी आहे?" तो म्हणाला, "कशात नाही, अम्मा, सवय." "सवय घरी ठेवून ये."

कल्याणी दर सुट्टीत म्हणायची, आता पुरे झालं, बेंगळूरला चल, तुझी खोली तयार आहे. ही तिला एकच उत्तर द्यायची, "माझ्या हातचं ज्या दिवशी कुणी पानात टाकेल, त्या दिवशी येईन." आणि ती शब्द मोडणारी नाही, हे त्या पोरीला जसं ठाऊक होतं तसं मलाही.

गेल्या दिवाळीनंतर तिला ताप आला. आठवडाभरात उतरला. ती पुन्हा चुलीपाशी उभी राहिली, सगळं पूर्वीसारखं. चार दिवसांनी मी पानं मांडत होते आणि ती आतून वाटी घेऊन आली. एकेका पानाच्या कोपऱ्यात मीठ ठेवत गेली. बँकेतला कारकून माझ्याकडे पाहू लागला. "आज काय विशेष, अम्मा?" मी म्हटलं, "सण." "कुठला?" "जेव मुकाट्याने."

सगळे गेल्यावर मी दार लावलं.

"नाक गेलं का गे?"

"हं."

"केव्हा?"

"तापात. वाटलं, येईल परत. रोज सकाळी हिंगाची डबी उघडून बघते. रिकामी डबी हुंगल्यासारखं वाटतं."

"कल्याणीला सांगितलंस?"

"मला काय वेड लागलंय?"

मी म्हटलं, "मग उद्यापासून मी चाखते." तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी भांड्यात थुंकणार आहे. "नैवेद्याआधी?" मी म्हटलं, "आधी नैवेद्य दाखवू. मग मी चाखेन. मग मीठ घालू." "म्हणजे देवाला अळणी?" "देव कधी काही बोललाय का? गिऱ्हाईक बोलतं." तिने मिठाची बरणी पुढे ओढली. मग म्हणाली, "अगदीच अळणी नको. थोडं अंदाजाने घालते." तेव्हापासून आमचा देव काय चवीचं जेवतो ते त्याचं त्यालाच माहीत. पानावरचं मीठ बंद झालं.

पोंगलला कल्याणी आली. त्या दिवशी मी जरा जास्तच चाखलं, जीभ पोळली. पोरगी पानावर बसली, भात कालवला, रसमाचा घास घेतला आणि थांबली. "आई, रसम," म्हणाली. मी ताकाची चरवी घेऊन तिथेच उभी राहिले. चुलीपाशी पळीचा आवाज बंद झाला. "रसम आणखी वाढ ना," कल्याणी म्हणाली. आतून आवाज आला, "पाठ ताठ करून जेव." निघताना पोरीने मला बाजूला घेतलं. "मावशी, लक्ष ठेवा हं तिच्यावर. काही झालं तर लपवू नका माझ्यापासून." मी म्हटलं, "बरं."

आता ती चुलीशेजारी स्टुलावर बसते आणि मी भांड्यावर वाकते. ती विचारते, "काय येतंय?" मी म्हणते, "रसम." "ते दिसतंय मला. वास कसा येतोय?" "चांगला." "चांगला म्हणजे काय? नीट सांग." मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, वासाचे शब्द मला कुणी शिकवले नाहीत. तरी सांगावं लागतं. "मिरी पुढे आहे, चिंच मागे. खाली ओल्या भिंतीसारखं काहीतरी." "ती डाळ. अजून शिजायचीय," ती म्हणते, आणि खरंच ती शिजायची असते. दिवसभर हेच चालतं. माझं डोकं दुखतं.

काल मी धणे भाजत होते. ती म्हणाली, "सांग." मी कढईवर वाकून राहिले. मग म्हटलं, "शाळेच्या फाटकापाशी तुझ्या डब्याचं झाकण निघालं की यायचा, तसा येतोय."

ती डोळे मिटून बसली होती. तशीच म्हणाली, "मग उतरव. झाले भाजून."