दारावरचा जॉन

त्या माणसाने मंगलाच्या केसांत बोटं घातली आणि बायकोला म्हणाला, "बघ, भांडी घासायच्या तारेसारखे आहेत." बायको हसली. त्यांचा मुलगा म्हणाला, मला पण हात लावायचाय. मग रांगच लागली.

मी चार पावलांवर उभा होतो. काळा टी-शर्ट, हाताची घडी, छाती पुढे. बाउन्सर. कुणी वेडंवाकडं वागलं तर त्याला बाहेर काढायचं, हेच माझं काम.

बेंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीने रविवारी दुपारी कर्मचाऱ्यांच्या घरच्यांसाठी कार्यक्रम ठेवला होता. जंगलाचा देखावा केला होता. मंगलाला गवताचा घागरा घालून झोपडीपुढे नाचायला उभं केलं होतं. रविवारी जादा पैसे मिळतील म्हणून तिला तिथे मीच आणलं होतं.

आम्ही सिद्दी. कर्नाटकातल्या हल्याळच्या रानातले. आमच्या पूर्वजांना कधीकाळी आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलं. आम्ही इथेच जन्मलो, मराठी शाळेत शिकलो, बाजारात कानडी बोललो. मंगला माझ्या वर्गातली. बाई आणि पुरुष नुसते दोस्त असू शकतात यावर वस्तीत कुणाचा विश्वास नव्हता. आमचा होता. ती आधी बेंगळुरूला आली, कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला लागली. मला परदेशी समजून कुणी खोली देईना, तेव्हा बनशंकरीच्या एका घरमालकाशी कानडीत तासभर भांडून तिनेच ती मिळवून दिली.

आणि मी काय केलं? असे कार्यक्रम भरवणाऱ्या इव्हेंटवाल्याने मला सांगितलं होतं, "आजपासून तू जॉन. आफ्रिकेचा. कन्नड, मराठी काही बोलायचं नाही. लोक स्वल्प घाबरले पाहिजेत." मी 'सरी', ठीक आहे, म्हणालो. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. गावात ज्यांच्या ओसरीवर माझ्या बापाला चढू देत नसत, तसली माणसं इथे माझ्यापुढून अंग चोरून जात. मर्द झालो असं वाटलं. भाड्याचा मर्द.

रांगेतल्या एकाचा हात मंगलाच्या केसांवरून पाठीवर उतरला. तिने अंग आक्रसलं. माझ्याकडे बघून आमच्या बोलीत ओरडली, "बघायलास काय रे? हात काढ म्हण की त्याला!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. इव्हेंटवालाही. मी खांदे उडवले आणि म्हणालो, "सॉरी. नो अंडरस्टँड."

मला समजलं होतं. शब्द न् शब्द समजला होता.

तिने पुन्हा हाक मारली नाही. त्या माणसाचा हात स्वतःच झटकला आणि खणखणीत कानडीत सांगितलं, माझ्या अंगाला हात लावायचा नाही. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. मग टाळ्या. "अरे, ही तर कन्नड बोलते!" इव्हेंटवाल्याने मला खूण केली, हिला बाहेर काढ. मी तिला दंडाला धरून फाटकाबाहेर नेलं. त्या माणसाला नाही. तिला.

फाटकाशी ती रडली नाही. म्हणाली, "त्यांना मी माणूस वाटले नाही, सोड. तुला तर ठाऊक होतं." दंड सोडवून घेतला आणि तशीच, गवताच्या घागऱ्यावर, बस थांब्याकडे चालत गेली.

मी आत परतलो. हेही सांगायला हवं. संध्याकाळपर्यंत हाताची घडी घालून उभा राहिलो.

पुढे तीनदा तिच्या दारात गेलो. दार उघडलं नाही. चौथ्यांदा गेलो नाही. माफी मागून मला बरं वाटलं असतं, तिला काय मिळणार होतं? इव्हेंटवाल्याचा फोन आला तेव्हा कानडीत म्हणालो, "मी जॉन नाही. हल्याळचा आहे. येणार नाही." तो हसला. तुझ्यासारखे छप्पन मिळतात, म्हणाला. मिळालाही. आमच्यातलाच पोरगा.

येत्या रविवारी इव्हेंटवाला आमच्या भागातून सहा पोरी आणतोय, असं कळलं. मी जाणार आहे. नवा जॉन माझी मानगूट धरून मला बाहेर काढेल. पोरी ऐकतील असंही नाही, त्यांना काम हवं आहे. मंगलाला तर कळणारसुद्धा नाही, आणि कळलं तरी ती दार उघडणार नाही. तरी मी आमच्या बोलीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडून त्यांना सांगणार आहे, नाचू नका. आणि कुणाचा हात पुढे आला, तर तो मी धरणार आहे.