पंगत कुठं हाय?

सगळ्या मोडनिंबात माझ्याइतका बेरकी माणूस दुसरा नव्हता. आणि सोलापूर? ते तर मला तळहातासारखं पाठ!

म्हणजे असं मी सगळ्यांना सांगायचो. खरं तर तोवर माझी धाव टेंभुर्णीच्या बाजारापर्यंतच. लग्नसुद्धा आमच्याच दारात लागलं, म्हणून सोलापूरची सासुरवाडी बघायची राहिली होती. सत्तर सालानंतरची गोष्ट ही. बायको, शेवंता, पहिल्या संक्रांतीला माहेरी गेलेली. भोगीच्या दिवशी आईनं माझ्या हातात पिशवी दिली. आत हिरवीगार इरकली साडी.

"सुनंची पयल्या संक्रांतीची साडी हाय. उद्या हीच नेसंल ती. इसरलास तर घरला येऊ नगंस."

जावई म्हणून सासऱ्याकडं भोगीचं जेवण हाणायचं होतं, म्हणून पोट सकाळपासून रिकामं ठेवलं. हीच चूक झाली बघा. उपाशी माणसाचं डोकं पोटात असतं.

सोलापुरात यष्टीतून उतरलो आणि वाटलं, ड्रायव्हरनं देश ओलांडला की काय! डाव्या कानात कानडी, उजव्या कानात तेलगू, मागनं मिलचा भोंगा कोकलतोय. टांगेवाल्याला पत्ता सांगितला, तर तो म्हणतो, "आज टांगा नै जाता मियाँ. रस्ता बंद है. सारा सोलापूर शादी में है!"

सारा सोलापूर? एका लग्नाला? आमच्याकडं भावकी गोळा करायची तर चार भांडणं मिटवावी लागतात!

तेवढ्यात मागनं गर्दीचा लोंढा आला आणि मला उचलूनच घेऊन गेला. थेट तळ्याकाठच्या देवळापाशी. जिकडं बघावं तिकडं पांढरी बाराबंदी घातलेले बाप्ये. माडाएवढ्या उंच सजवलेल्या काठ्या, एकेक काठी एकेक गडी पोटाशी धरून तोलतोय. आणि काठीला बाशिंग! आता नवऱ्याचं बाशिंग काठीला कशाला? म्हटलं असंल, शहरातली पद्धत.

शेजारच्याला विचारलं, "नवरा कुठला हो?"

"हितलाच की."

"आन् नवरी?"

"कुंभाराची."

कुंभाराच्या घरात एवढं थाटाचं लग्न! धुंधुरमासात लग्न कसं, ही शंका आली होती मनात. खोटं कशाला बोलू? पण शहरातल्या माणसांना कशाचं काय!

कुणीतरी माझ्या मुठीत अक्षता दिल्या. पुढं कुणीतरी कानडीत मंगलाष्टकांसारखं काहीतरी म्हणत होतं. सगळ्यांनी टाकल्या, मीही टाकल्या. आता अक्षता पडल्या म्हणजे पुढं काय? पंगत! पण फुकट कुणाकडं जेवायचं नाही, ही आमच्या आईची शिकवण. आहेर केल्याशिवाय पानावर कसं बसणार?

पिशवीत हात घातला. म्हटलं, सोलापूर म्हणजे कापडाचंच गाव, जाता जाता दुसरी घेऊ. पुढं एक म्हातारी डोळे पुसत उभी होती. डोळे पुसते म्हणजे नवरीची आईच की! साडी दिली तिच्या हातात कोंबून.

ती घाबरली, साडी परत माझ्याकडं ढकलायला लागली. "अय्यो, बेडप्पा, बेड!"

"राहू द्या वो, रीत हाय. पंगत कुठं हाय?"

म्हातारी हसली, साडी कपाळाला लावली आणि गर्दीत दिसेनाशी झाली. शेजारचा मात्र माझ्याकडं टक लावून बघत होता.

"पाव्हणं, कंच्या गावचं तुमी? देवाचं लगीन हाय ह्ये! सिद्धेश्वराचं! दर वर्साला लागतंय!"

मला सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा म्हणजे पाळणे आणि भेळ एवढंच माहीत. देवाचं लग्न लागतं, हे मोडनिंबात कुणी सांगितलं होतं?

दुसरी साडी घ्यायला पेठेत धावलो, तर दुकानांना कुलपं. मालक सगळे लग्नाला!

रिकामी पिशवी घेऊन सासरी पोचलो. शेवंतानं आधी पिशवीच चाचपली.

"साडी कुटं हाय?"

"चोरीला गेली. गर्दीत कुणीतरी हिसकली."

सासूबाई हळहळल्या. "हात झडू देत मेल्याचं! जाऊ द्या जावई, तुमी सुकरूप आलासा न्हवं? बसा, जेवून घ्या."

ताट आलं. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, भोगीची भाजी. पहिला घास मोडला आणि तोंडाशी नेला, एवढ्यात शेजारची गौराक्का आत आली. अंगावर हिरवीगार इरकली!

"शेवंता, बग की! देवाच्या लग्नात एक खुळा भेटला. साडी दिला मला, आन् इचारतोय, पंगत कुठं..."

बोलता बोलता तिची नजर माझ्यावर पडली. "अय्यो! ह्योच की त्यो!"

घास हातातच राहिला. शेवंता एकदा साडीकडं बघते, एकदा माझ्याकडं. पण मी कसला हरतोय!

"थट्टा केली गं तुझी," मी म्हणालो. "आमच्या घराण्याची रीतच हाय. पहिला आहेर देवाला!"

"व्हय?" शेवंता म्हणाली. "मग पयल्या पंगतीलाबी देवाकडंच बसा. आई, ह्यांचं ताट उचल."