ताटली परत मागताना

दिवाळीत तुम्ही आलात तेव्हा गोठ्यात नवं वासरू होतं, आणि तरीही छोट्या आजीनं तुम्हाला खरवस करून घातला नाही. तुम्ही दोनदा विचारलंत. दोन्ही वेळा ती "चीक फाटला" एवढंच म्हणाली आणि कामाला लागली. तिकडे पोचल्यावर तुम्ही फोनवर मला पुन्हा तेच विचारलंत. फोनवर सांगण्यासारखी ही गोष्ट नाही, म्हणून लिहिते आहे.

चीक फाटला नव्हता. खरी गोष्ट त्याआधीच्या मार्च महिन्यातली आहे.

तुमची छोटी आजी म्हणजे माझी धाकटी जाऊ. आंधळगावच्या या घरात आता आम्ही दोघीच. माझा जन्म इंग्रजी शिकवण्यात गेला आणि गाईंशी माझं कधी फारसं जमलं नाही. दोन्ही गाई तिच्या. गाय व्याली की पहिलं पिवळं, दाट दूध, म्हणजे चीक, ती दुसऱ्या दिवशी गूळ-वेलची घालून वाफवते. त्या खरवसाच्या वड्या गल्लीतल्या प्रत्येक घरी गेल्याच पाहिजेत, असा तिचा नेम. चीक विकायचा नाही. ज्या घरी ताटली जाते तिथून ती रिकामी परत येत नाही. चिमूटभर साखर नाहीतर गुळाचा खडा येतो. तो गाईसाठी आशीर्वाद.

गेल्या वर्षापासून आमच्याकडे एक संशोधक मुलगी येते. जनावरांना कोणती प्रतिजैविकं दिली जातात, कोणाच्या सांगण्यावरून दिली जातात आणि त्यांचा अंश दुधात उतरतो का, हे ती घरोघरी जाऊन तपासते. खांद्याला बर्फाची पेटी, त्यात दुधाच्या छोट्या बाटल्या. पहिल्यांदा ती आली तेव्हा जाऊ दारातच आडवी उभी राहिली होती.

"दुधातलं पाणी पाहाले आली काय वो तू?"

"नाही मावशी, औषध पाहायला आली."

"पाणी टाकत असतो तं औषधही पातळ झालं असतं!"

दोघी हसल्या आणि मैत्री झाली. तेव्हापासून तिच्यासाठी चहा ठेवलेला असे.

आता मार्चमधली गोष्ट. तांबड्या गाईला आधीच्या वेतात दगडी झाली होती, म्हणजे कास सुजून दगडासारखी घट्ट झाली होती. पुढच्या वेताला तसं होऊ नये म्हणून व्यायच्या आधी तिचं दूध बंद करताना, म्हणजे आटवताना, गुरांच्या डॉक्टरांनी चारही सडांत औषधाची एकेक ट्यूब सोडली. ही रीतच आहे. गाय व्यायला अवकाश असतो, तोवर औषधाचा अंश ओसरतो. पण तांबडी दिवस भरायच्या आधीच व्याली. वासरू बारीक होतं, पण उभं राहिलं. जाऊच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं खरवस केला. तिला वासराजवळून हलायचं नव्हतं, म्हणून ताटल्या वाटायला मी निघाले.

समोरच्या घरी माग आहे. तिथली माझी मैत्रीण चरख्यावर सुताच्या कांड्या भरत बसली होती. तिचा मुलगा आणि सून नागपुरात कामाला असतात, नात आजीपाशी राहून इथल्या शाळेत जाते. मैत्रिणीनं वड्या पाहिल्या आणि तोंडभर हसून म्हणाली, "पोरीच्या डब्यात देते बाई. लय आवडते तिले."

मी बरं म्हटलं आणि पुढच्या घरी गेले.

दुपारी संशोधक मुलगी आली. वासराच्या पाठीवरून हात फिरवता फिरवता तिनं विचारलं, "मावशी, ही तर पुढच्या महिन्यात व्यायची होती ना?"

"हो ना, घाई झाली तिले."

"आटवताना ट्यूब सोडली होती?"

"सोडली होती."

मुलीचा हात वासराच्या पाठीवर तसाच थांबला. "चीक कोणी खाल्ला?"

"अवघ्या गल्लीनं!" जाऊ अभिमानानं म्हणाली.

मग मुलीनं आम्हाला समजावून सांगितलं. गाय लवकर व्याली तर ते औषध चिकात उरलेलं असू शकतं. उकळल्यानं, वाफवल्यानं ते पुरतं जात नाही. बहुतेकांना लगेच काही होत नाही, तरी असं थोडं थोडं औषध पोटात जाणं चांगलं नाही. आणि मग ती म्हणाली, "फक्त कोणाला पेनिसिलिन सोसत नसेल तर..."

तिचं वाक्य संपायच्या आत मी उठून उभी राहिले होते.

समोरच्या घरातल्या त्या नातीला त्याआधीच्या पावसाळ्यात तापात एक इंजेक्शन दिलं होतं. घरी येईपर्यंत तिचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला. भंडाऱ्याला नेलं म्हणून वाचली. पेनिसिलिन तिला आयुष्यात कधी द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हे साऱ्या गल्लीला माहीत होतं. मलाही माहीत होतं. पण पेनिसिलिन म्हणजे सुई, एवढंच आमच्या डोक्यात होतं. ते वेलची घातलेल्या वडीतून जाईल असं कोणाच्या मनात येणार?

शाळेचा फोन कोणी उचलेना. संशोधक मुलीनं गाडी काढली. जाऊला मी म्हटलं, "तू घरोघरी जा. ज्यांनी खाल्लं नसेल त्यांच्याकडून ताटल्या परत आण."

ती जागची हलेना. "दिलेलं वापस मांगू काय बाई? लोक काय म्हणतीन?"

"म्हणू दे."

"अन् वासराले काय पाजू? पाणी?"

"वासराला पाजा मावशी, त्याला चीक हवाच," गाडी सुरू करता करता मुलगी म्हणाली.

या वयात दुचाकीवर मागे बसून मी शाळेत गेले. वाटेत मनाशी एकच हिशेब चालला होता: डबा कधी खातात, मधली सुट्टी कधी होते. फाटकाशी पोचलो तर मुलं हात धुऊन वर्गात परतत होती. त्यांच्यात ती पोर दिसली. तिचे ओठ लालभडक होते.

 संशोधक मुलीनं पुढे होऊन तिला तोंड उघडायला लावलं, जीभ पाहिली, हात पाहिले. जीभही लाल होती.

"खरवस खाल्लास का ग?" मी विचारलं.

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा संशोधक मुलीकडे. "खाल्ला."

"सगळा?"

"सगळा."

बाईंना सांगून आम्ही तिला घरी आणलं. पोचताच संशोधक मुलीनं पोरीच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी तिला भंडाऱ्याच्या रस्त्यावर असलेल्या त्यांच्या दवाखान्यात घेऊन यायला आणि नजरेसमोर ठेवायला सांगितलं. शेजारच्या गाडीतून आम्ही निघालो: पोर, तिची आजी, संशोधक मुलगी आणि मी. माग बंद पडला होता. गल्लीत एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती.  मैत्रीण नातीचा हात धरून फक्त तिच्या ओठांकडे पाहत होती, आणि ते मला बोल लावण्यापेक्षा कठीण गेलं.

डॉक्टरांनी पोरीला तपासलं आणि बाकावर बसवून ठेवलं. ती नुसती जांभई देई तरी आम्ही तिघी पुढे वाकत असू. ती खोकली. आजीनं "मायबाई!" म्हणून छातीवर हात ठेवला. श्वास लागला का? नाही. खाज सुटते का? नाही. पोट दुखतं का? नाही. पुन्हा थोड्या वेळानं तेच प्रश्न. शेवटी डॉक्टरांनी बोटाला कापूस गुंडाळून तिच्या ओठांवरून फिरवला. कापूस लाल झाला आणि ओठ निघाला नेहमीसारखा.

"हे काय ग?"

पोरीचा चेहरा पडला. तिनं आजीकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं. "गोला खाल्ला मी! बरफाचा गोला! मारू नको ना वो आजी!"

ते सगळं मग हुंदक्यांतून बाहेर आलं. खोकल्यामुळे तिला बर्फाचा गोला बंद होता. फाटकाबाहेर गोलेवाला उभा होता आणि पैसे नव्हते. वर्गातल्या एका मैत्रिणीला खरवस हवा होता. तिनं आपला डबा मैत्रिणीला दिला आणि मैत्रिणीनं तिला गोला घेऊन दिला. खरवसाला तिनं बोटही लावलं नव्हतं.

"खाल्ला म्हणून काहून सांगितलं मग?" आजीनं विचारलं.

"दोघी दोघी पकडाले आल्या होत्या ना," ती आमच्याकडे बोट दाखवून म्हणाली.

आजी आधी हसली, मग तोंडाला पदर लावून रडली. त्या दुसऱ्या मुलीच्या घरीही डॉक्टरांनी फोन केला. ती अंगणात उड्या मारत होती.

घरी परतलो तर ओट्यावर ताटल्या रचून ठेवलेल्या. काहींत उरलेल्या वड्या होत्या. बहुतेक ताटल्यांत मात्र नुसता गूळ होता. त्या घरी खरवस आधीच संपला होता. जाऊ ताटल्यांकडे पाठ करून बसली होती. पोर ठीक आहे हे ऐकून तिनं हात जोडले. गोल्याची हकिकत ऐकल्यावर मात्र म्हणाली, "माह्या खरवसाच्या बदल्यात गोला? बाप्पा!" पण आवाजात रोजचा जोर नव्हता.

संशोधक मुलीनं उरलेल्या चिकाचा नमुना नेला होता. काही दिवसांनी तिचा फोन आला. औषध होतं. असायला नको तेवढं होतं. मी जाऊला सांगितलं तेव्हा ती धार काढत होती. तिचा हात थांबला नाही. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे तिनं खाल्लं असतं तं."

पुढचं वाक्य दोघींपैकी कोणीच पुरं केलं नाही. मी अजूनही करत नाही. ती पोर अंगणात खेळताना लाल काही चोखत असली तर माझी नजर आधी तिच्या ओठांवर जाते.

तुम्ही आलात त्याच आठवड्यात दुसरी गाय व्याली. तिलाही ट्यूब दिलेली होती, पण दिवस पूर्ण भरले होते. काळजीचं कारण दिसत नाही, असं संशोधक मुलीनं सांगितलं. तरी जाऊनं नमुना पाठवला आणि उत्तर येईपर्यंत चीक फक्त वासराला पाजला. उत्तर आलं, दूध साफ होतं. पण तोवर चिकाचे दिवस संपून साधं दूध सुरू झालं होतं आणि तुम्ही परत निघाला होतात. आपल्या हातचा खरवस कोणाला बाधू शकतो, हे नातवंडांना सांगायची तिला लाज वाटली. म्हणून चीक फाटला.

वासरू झाल्याचं कळताच समोरची पोर स्वतः ताटली घेऊन आली होती. जाऊनं तिला सांगितलं, खरवस नाही. ती तशीच वळली तेव्हा जाऊनं तिला थांबवलं आणि ताटलीत गुळाचा मोठा खडा ठेवला.

"रिकामी कशी नेशील वो," ती म्हणाली.